‘बिलाँग’च्या मागे ‘टू’

गेल्या महिन्यात आमच्या घरी एकच अर्ज चारदा फाडला गेला. भाच्याला नोकरीसाठी इंग्रजीत लिहायचे होते आणि पहिल्याच वाक्यात तो अडला. त्याने लिहिले होते, ‘आय ॲम बिलाँगिंग टू भंडारा डिस्ट्रिक्ट.’

वाचकहो, ही चूक त्याची एकट्याची नाही. आपण मनात ‘मी भंडाऱ्याचा आहे’ असे म्हणतो. त्यातला ‘आहे’ कागदावर ‘ॲम’ होऊन उतरतो. पण ‘बिलाँग’ हे स्वतःच पूर्ण क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’ नको. शिवाय ते काही काम नव्हे, ती स्थिती आहे. म्हणून ‘नो’, ‘ओन’ या शब्दांसारखाच त्यालाही ‘इंग’ लागत नाही. ‘आय बिलाँग टू भंडारा डिस्ट्रिक्ट’, एवढेच.

‘मामाजी, मंग आपला ‘आहे’ गेला कुठं?’ भाच्याने विचारले. तो ‘बिलाँग’च्या पोटातच आहे.

‘टू’ मात्र विसरायचा नाही. आपला ‘चा’ नावाच्या मागून चिकटतो, इंग्रजीचा ‘टू’ नावाच्या आधी उभा राहतो. ‘हे शेत आजीचे आहे’ याचे ‘धिस फील्ड बिलाँग्ज टू ग्रँडमदर’ होते. शेत एक म्हणून ‘बिलाँग’ला शेवटी ‘ज’ लागला. ‘हे कोणाचे?’ विचारताना तोच ‘टू’ वाक्याच्या टोकाला जातो: ‘हू डज धिस बिलाँग टू?’ ‘हिअर’च्या आधी मात्र तो येत नाही. ‘यू बिलाँग हिअर’, म्हणजे तुझी जागा इथेच आहे.

आता घरातला जातीचा दाखला काढून पाहा. केंद्र सरकारच्या नमुन्यात जातीपुढे ‘बिलाँग्ज टू’ आहे आणि गावासाठी ‘ऑर्डिनरिली रिसाइड्स इन’. मराठीत आपण जातीलाही ‘चा’ लावतो आणि गावालाही. या कागदाच्या हिशेबाने माणूस जातीचा असतो, गावात नुसता राहतो! आम्हाला हे वाचून हसू आले नाही. त्यात ज्या १९५० च्या आदेशाचा हवाला असतो, त्यात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तोवर धर्म ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याला केंद्राच्या सवलतींसाठी हे दोन शब्द मिळत नव्हते.

कायद्याची इंग्रजी आणखी निराळी. आपल्या जिल्ह्यातले मालगुजारी तलाव पूर्वी मालगुजाराचे, म्हणजे ‘बिलाँग टू’. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हा हक्क सरकारकडे आले. तिथे कायदा ‘व्हेस्ट इन’ म्हणतो. ‘बिलाँग’ला ‘टू’, ‘व्हेस्ट’ला ‘इन’. ही जोडी पाठच करावी लागते, तिला नियम नाही.

खरे सांगायचे तर अर्जात ‘आय ॲम फ्रॉम भंडारा डिस्ट्रिक्ट’ लिहिले तरी भागते, आणि ते सोपेही आहे. आम्ही तसे सुचवलेही. पण भाच्याने पाचव्या कागदावर ‘आय बिलाँग टू’च लिहिले, मामीकडून तपासून घेतले आणि पोस्टात टाकले.