पक्षाघात, प्रतिकारशक्ती आणि दोन चमचे पेज

डिचोली तालुक्यातल्या पाळी गावात काय किंवा पेडण्यात काय, 'अंगावरून वारे गेले' म्हणतात तेव्हा वाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. मेंदूतली रक्तवाहिनी बहुधा गुठळीने तुंबलेली असते, कधी फुटलेली. या आजाराभोवतीचे काही समज एकेक करून पाहू.

झटका येऊन गेला. व्हायचे ते होऊन गेले.
हातपाय क्षणात लुळे पडतात, म्हणून असे वाटते. नुकसान मात्र पुढे कित्येक दिवस चालते. मरत्या पेशींतून सांडणारी रसायने मेंदूतल्या मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशींना चेतवतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे शिरतात आणि सूज चढते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅननंतर. पाळीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा रस्ता याच वेळातून वजा होतो. गावठी उपाय म्हणून लुळ्या अंगाला कबुतराचे रक्त चोळण्यात गेलेला तासही.

काढे पाजून प्रतिकारशक्ती वाढवावी.
तापखोकल्याला लावलेला हिशेब इथे चालत नाही. जखमी मेंदूत प्रतिकारशक्ती आधीच गरजेपेक्षा जास्त पेटलेली असते.

मग ती दाबून टाकावी.
तर्क चुकीचा नाही. संशोधकांनीही तो पडताळून पाहिला. पांढऱ्या पेशींना रोखणाऱ्या एन्लिमोमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष 2001 मध्ये आले, तेव्हा औषध घेतलेल्यांची अवस्था अधिक वाईट निघाली. स्टिरॉइडनेही फायदा झाला नाही. सुरुवातीला नासधूस करणारी हीच यंत्रणा काही दिवसांनी मेलेल्या पेशींचा कचरा उचलते, डागडुजीला हात लावते.

पोटात काही नसेल तर माणूस खचेल. दोन चमचे पेज तरी भरवावी.
यामागे माया असते, म्हणूनच हा समज सर्वांत चिवट. मेंदूत आग असताना उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र ढासळते. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी होतात. त्यातच गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले. आडव्या माणसाच्या तोंडात घातलेली पेज श्वासनलिकेत उतरते, कधी ठसकाही न लागता. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो. 'डोक्यात ताप गेला' म्हणतात, पण पुष्कळदा तो न्यूमोनिया असतो. आधीच प्रतिजैविके द्यावीत तर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांवर रुग्णांच्या डच चाचणीत त्याने रुग्ण अधिक सावरले नाहीत. त्यापेक्षा गिळण्याची तपासणी साधी आहे: रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी द्यायचे आणि बोलायला लावायचे. खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला, तर तोंडाने काही नाही. गरज पडल्यास नाकातून नळी. ही तपासणी प्रशिक्षित परिचारिकेने करायची, घरच्यांनी नव्हे.