‘स्मार्ट पॉइंटर’ वापरूनही मेमरी का गळते?

बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकरसारख्या गावात पाण्याच्या टाकीची बारीकशी गळतीही परवडत नाही. संगणकाच्या मेमरीची गळतीही अशीच, सहसा न दिसणारी. प्रोग्रॅम कामासाठी मेमरी मागून घेतो, काम संपल्यावर ती परत करीत नाही आणि अखेरीस यंत्रणा ठप्प होते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेला ४ नोव्हेंबर १९९२ च्या पहाटे याचा फटका बसला. गाडी रवाना करण्याच्या प्रत्येक नोंदीबरोबर थोडी मेमरी अडकत गेली आणि सुमारे तीन आठवड्यांत ती संपून यंत्रणा बंद पडली.

पॉइंटर म्हणजे मेमरीतील वस्तूचा पत्ता. ‘सी प्लस प्लस’ भाषेत मेमरी परत करण्याचे काम पूर्वी बहुतांशी प्रोग्रॅमरलाच लक्षात ठेवून करावे लागे. २०११ च्या प्रमाणित आवृत्तीत ‘युनिक’, ‘शेअर्ड’ आणि ‘वीक’ हे स्मार्ट पॉइंटर आले. युनिक पॉइंटरमध्ये वस्तूचा मालक एकच असतो. तो गेला की मेमरी मोकळी होते. शेअर्ड पॉइंटरमध्ये मालक अनेक असतात आणि त्यांची मोजणी ठेवली जाते. मोजणी शून्यावर आली की मेमरी सुटते.

गफलत होते ती या मोजणीतच. समजा, एका प्रोग्रॅममध्ये शाळेकडे विद्यार्थ्यांचे शेअर्ड पॉइंटर आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे शाळेचा. बाहेरचे सर्व मालक गेले, तरी शाळेला विद्यार्थी धरून ठेवतात आणि विद्यार्थ्यांना शाळा. ‘आधी तुम्ही, मग मी’ या आग्रहात कोणीच उठत नाही. मोजणी शून्य होत नाही आणि मेमरी अडकून राहते.

यावर उपाय म्हणजे वीक पॉइंटर. तो वस्तूकडे निर्देश करतो, पण मालकी सांगत नाही. विद्यार्थ्याकडील शाळेचा पॉइंटर वीक ठेवला की चक्र तुटते. मात्र वापरण्यापूर्वी वस्तू अजून अस्तित्वात आहे का, हे तपासावे लागते.

म्हणून शक्य तेथे युनिक पॉइंटरच वापरावा आणि मालकी खरोखर सामायिक असेल तरच शेअर्ड. ‘व्हॅलग्राइंड’सारख्या साधनाने अधूनमधून तपासणीही करावी. मोजणी यंत्र करते. मालक कोण, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.