माशाचं पोट का फुगतं?

सोमेश्वरनगर परिसरातल्या शेततळ्यांत रोहू-कटला सोडणाऱ्यांना हे दृश्य नवं नसावं: पोट टम्म फुगलेलं, खवले उभे राहिलेले, परांच्या मुळाशी लाल ठिपके. बहुतेक जण पाण्याला दोष देतात. पाणी कारण असतंच, पण पोटातला द्रव येतो बऱ्याच अंशी माशाच्याच रक्तातून.

केशवाहिनीची भिंत जेमतेम एका पेशीच्या जाडीची. शेजारच्या पेशी प्रथिनांच्या सांध्यांनी एकमेकींना धरून असतात. एरोमोनाससारखा जिवाणू शिरला की संरक्षक पेशी रासायनिक निरोप सोडतात. ते पोचताच सांधे सैलावतात, कालव्याच्या अस्तराला भेगा पडाव्यात तसे, आणि पाझर सुरू होतो. हेतू चांगलाच असतो, कारण त्याच वाटेने पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी पोचतात. पण निरोप थांबलेच नाहीत, शिवाय जिवाणूच्या विषाने पेशींना छिद्रं पडली आणि मूत्रपिंडही थकलं, की पोटात पाणी साठतं.

यातला एक निरोप्या म्हणजे व्हीईजीएफ. १९८३मध्ये अमेरिकेत तो सापडला तो गाठींजवळच्या केशवाहिन्या पाझरवणारा घटक म्हणून. तोच नव्या केशवाहिन्याही घडवतो, हे नंतर कळलं. झेब्राफिश या आपल्याच उपखंडातल्या माशाची पिल्लं पारदर्शक असल्याने हे काम सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतं.

तळ्यात असे मासे दिसले तर अंदाजाने प्रतिजैविकं ओतू नका. आजारी मासा जिवंत असतानाच मत्स्यतज्ज्ञाला दाखवा.