चिमूटभर जस्त आणि आंबेमोहोर

मुळशीचा तांदूळ म्हणजे आंबेमोहोर, हे समीकरण पुणेकरांच्या जिभेवर पक्के बसले आहे. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्याचे नेतृत्व केले तो मुळशी सत्याग्रह टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या याच भातखाचरांसाठी होता. धरण झाले, खाचरे बुडाली. उरली त्यांत भात पिकत राहिला. त्या खाचरांना आता ज्यांची उणीव भासू शकते ती द्रव्ये पिकाला ग्रॅमच्या हिशेबात लागतात.

जस्ताचेच घ्या. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर काताच्या रंगाचे डाग पडतात, रोप खुजे राहते. उत्तरेत याला ‘खैरा’ म्हणतात. त्याचे मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे पंतनगरला डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले. चिखलणी करून पाणी कोंडले की मातीतली हवा जाते. लोह विरघळून मोकळे होते, जस्त मात्र आवळले जाते. म्हणून तांबड्या मातीच्या खाचरात लोहाची ददात सहसा नसते. ती दिसते खाली, चुनखडीच्या जमिनीत, कोरड्या गादीवाफ्यावरच्या पिवळ्या रोपांत.

पण सगळे वाण सारखे रडत नाहीत. काही वाण जस्त कमी असतानाही नवी मुळे फोडतात, मुळांतून द्रव्ये स्रवून मातीतले जस्त सोडवून घेतात. त्यांना जस्त दिले तरी फरक थोडाच. दुसरे पहिल्याच महिन्यात बसतात आणि जस्त मिळताच डोळ्यांदेखत उठतात. खताच्या जाहिरातीत फोटो अर्थातच या दुसऱ्यांचा असतो! वास्तविक, सर्वांत मोठा प्रतिसाद देणारा वाण हा बहुधा सर्वांत दुबळा असतो.

वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढली, ती १९८७ साली प्रसारित झाली. उंच आंबेमोहोर खत जास्त झाले की लोळतो. इंद्रायणी खत पेलते, उताराही अधिक देते. पण जास्त भात घरी आला म्हणजे जास्त जस्तही शेताबाहेर गेले. शेणखत कमी होऊन नुसता युरिया-डीएपी पडू लागला, तर ते परत येणार कोठून? शिवाय स्फुरद फार झाले की जस्ताची वाट अडते.

हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट, तेही सुपर फॉस्फेटमध्ये न मिसळता, ही सर्वसाधारण शिफारस. रोपांची मुळे २ टक्के झिंक ऑक्साइडच्या पाण्यात बुडवून लावणे त्याहून स्वस्त. २०१५ पासूनच्या मृद आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन यांचे आकडे मिळतात. ती पत्रिका मातीची. कोणता वाण त्या मातीत कसा वागेल, हे खाचरातच पाहावे लागते. दोन्ही वाणांचा एकेक पट्टा जस्त देऊन, एकेक न देता लावावा. बिनजस्ताचे पट्टे मात्र वरच्या खाचरात हवेत, कारण पाणी खाली उतरते आणि जस्तही सोबत नेते.