गाठीतल्या पेशी एकाच घराण्यातल्या आहेत का?

मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. पण कधीकधी ती लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग निघते. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून (एफएनएसी) स्लाइडवर पाहिल्या, तरी लहान लिम्फोसाइट निरोगी असो वा कर्करोगाचा, दिसायला बऱ्याचदा सारखाच. मग ओळखायचं कसं? इथे फ्लो सायटोमेट्री कामी येते.

तत्त्व सोपं आहे. चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतात. मग पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि मशीन प्रत्येकीची चमक मोजतं, सेकंदाला हजारो पेशी!

आधी सीडी१९ वरून बी-पेशी वेगळ्या काढायच्या. प्रत्येक बी-पेशी कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकच लाइट चेन बनवते. निरोगी गाठीत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, साधारण दोनास एक. लिम्फोमा मात्र एकाच पेशीची पिल्लावळ, त्यामुळे जवळपास सगळ्या कप्पा, नाहीतर सगळ्या लॅम्डा.

पुढचा प्रश्न, लिम्फोमा कोणता? बी-पेशींवर सीडी५ आणि सीडी२३ दोन्ही असतील तर सहसा सीएलएल. सीडी५ आहे पण सीडी२३ नाही, तर मॅन्टल सेलचा संशय. मग सायक्लिन डी१ किंवा फिश तपासणीने खात्री करायची. सीडी१० दिसलं तर फॉलिक्युलर लिम्फोमाचा विचार करायचा.

आता मर्यादा. हॉजकिन लिम्फोमात कर्करोगाच्या पेशी इतक्या विरळ असतात की नेहमीच्या फ्लोमध्ये त्या सुटतात. मोठ्या, नाजूक पेशी तयारीतच फुटतात. गाठीची रचनाही दिसत नाही, त्यासाठी बायोप्सीच हवी. म्हणून ‘फ्लो निगेटिव्ह’ म्हणजे ‘लिम्फोमा नाही’ असं कधीच समजू नका.

माझ्या पहिल्या वर्षात एक नमुना फॉर्मेलिनमध्ये आला. फ्लोला जिवंत पेशी लागतात, फॉर्मेलिनमध्ये त्या उरत नाहीत. मशीन ठणठणीत, अँटिबॉडी ताज्या, आणि तरी काहीच करता आलं नाही. त्या पेशंटला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: नमुना घेण्याआधीच फोन करायचा, आरपीएमआय मीडियमची ट्यूब पोचवायची, आणि आल्यावर आधी जिवंत पेशी किती आहेत ते मोजायचं. लक्षात ठेवा, प्रयोग मशीनपाशी नाही, पेशंटच्या खाटेपाशी सुरू होतो.