धंद्याचं टेन्शन घरी का येतं? मनाचीही खाती वेगळी करा



आपल्या चॅनलवर पहिल्यापासून एक गोष्ट सांगत आलोय: दुकानाचं खातं वेगळं, घरचं खातं वेगळं. गल्ल्यातून दूध-भाजीचे पैसे काढत राहिलं की महिनाअखेर नफा झाला की तोटा, तेच कळत नाही. आज हाच नियम मनाला लावायचाय.

नोकरी करणाऱ्याचं ऑफिस एका वेळेला सुटतं. तुमचं शटर खाली आलं तरी व्हॉट्सॲपवर ऑर्डरी चालूच. कर्जाला घर तारण, काउंटरवर घरचीच माणसं. सगळं एकमेकांत गुंतलेलं. म्हणून एका ठिकाणी फटका बसला की तो सगळीकडे लागतो.

समजा, एका मोठ्या पार्टीने पेमेंट अडकवलं. अडकलेत फक्त पैसे. पण तुम्ही रात्री झोपत नाही, सकाळी मुलावर ओरडता, दुपारी चांगल्या गिऱ्हाइकाशी तुसडेपणाने बोलता आणि संध्याकाळी म्हणता, "आपल्याला धंदा जमतच नाही." येणं थकलं पार्टीचं आणि रक्कम टाकली स्वतःच्या नावे! ही नोंदच चुकीची आहे. ती दुरुस्त कशी करायची, खातेवार बघू.

१) पैशांचं खातं

काळजी डोक्यात असते तेव्हा तिचा आकडा नसतो, म्हणून ती मोठी वाटते. येणं किती, देणं किती, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहा. मग पुढचं पाऊल ठरवा. तुमचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तुम्ही माल बनवता किंवा सेवा देता आणि उद्यम नोंदणी केलेली असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. थकलेल्या पेमेंटसाठी ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही. त्यांनी उधारीची मर्यादा आधीच ठरवावी आणि वसुलीच्या फोनसाठी आठवड्यातला एक वार ठेवावा. रोज रोज तोच विषय उगाळायचा नाही.

२) शरीराचं खातं

ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात कायद्याने त्यांना आठवड्याची सुट्टी द्यावी लागते. मालकाला कोण देणार? ती तुम्हालाच घ्यावी लागेल. पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्ध्या दिवसापासून सुरुवात करा. गिऱ्हाईक आलं की चहा, पार्टी आली की चहा, हेही मोजा. चहातल्या कॅफिनचा परिणाम कित्येक तास टिकतो. झोप लागत नसेल तर संध्याकाळचे कप आधी बंद करा.

३) घराचं खातं

शटर ओढण्याआधी पाच मिनिटं बसा. आज काय राहिलं, उद्या पहिलं काम कोणतं, वहीत लिहा आणि वही दुकानातच ठेवा. घरातूनच धंदा चालत असेल तर वही एका ठरावीक कप्प्यात. जेवताना फोन लांब. पण याचा अर्थ घरच्यांपासून लपवा असा नाही. आठवड्यातून एकदा बसून खरी परिस्थिती सांगा. माहिती द्यायची, राग नाही.

मेस, शिवणकाम, पार्लर चालवणाऱ्या ताईंसाठी एक वेगळा मुद्दा. तुमचं दुकान संपलं की घरची दुसरी पाळी सुरू होते. तिथे मनाला समजावून भागत नाही, कामाची वाटणीच करावी लागते. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं यातलं कोण काय करणार, ते घरात बसून ठरवा.

४) माणसांचं खातं

धंदा सुरू झाला की आधी मित्र सुटतात. मग बोलायला उरतात फक्त गिऱ्हाईक आणि सप्लायर, आणि दोघांसमोर "एकदम मस्त चाललंय" असंच म्हणावं लागतं. ज्याच्याशी एक रुपयाचाही व्यवहार नाही, असा एक तरी माणूस जपा.

आणि तरीही जमत नसेल तर?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर "धंद्यात असं चालायचंच" म्हणू नका. डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच बोला, घरच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आणखी एक: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारांसारखंच मनाच्या आजारांनाही संरक्षण द्यायचं आहे. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते एजंटला विचारा.

आजचं काम: एका पानावर चार रकाने आखा — पैसे, शरीर, घर, माणसं. सध्याची प्रत्येक काळजी तिच्या रकान्यात टाका. एखादा रकाना भरून वाहत असेल, तर काम त्या रकान्यावर करायचंय. बाकीचे तीन अजून शाबूत आहेत, हेही त्याच पानावर दिसेल.

धंदा तुमचा आहे, पण तुम्ही म्हणजे धंदा नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!