घरामागचे परस

जुन्या वळणाच्या खेड्यातील घराला पुढे अंगण असते आणि मागे परस असते. अंगण येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असते. तेथे सडा-रांगोळी होते, तुळशीवृंदावन असते, पाहुण्यांसाठी खाट टाकलेली असते. परस मात्र घरच्यांसाठी असते. कोकणात त्याला परसू म्हणतात, तर घाटावर काही ठिकाणी परडे म्हणतात. पाहुण्याच्या दृष्टीस ते सहसा पडत नाही. परंतु त्या घरातील मुलांच्या ताटात रोज काय पडते, हे बरेचसे या परसावर अवलंबून असते.

अशा परसात आपण क्षणभर जाऊन उभे राहू. मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते, तेथे अळू माजलेले दिसते आणि त्यापलीकडे केळीची दोन-चार झाडे असतात. एका बाजूस शेवगा व कढीलिंब असतो. मांडवावर घेवडा, दोडका आणि कारले चढलेले असते. भोपळ्याचा वेल तर गोठ्याच्या छपरावर जाऊन बसलेला असतो. कोपऱ्यात कोंबड्यांचे खुराडे असते, जवळच शेळी बांधलेली असते आणि गोठ्यात गाय रवंथ करीत असते. वरवर पाहणाऱ्याला ही नुसती दाटी वाटेल. परंतु मुलांनो, नीट निरखून पाहिले म्हणजे ध्यानात येते, की येथील प्रत्येक वस्तू दुसरीशी बांधलेली आहे. एकाने टाकलेले दुसऱ्याचे अन्न होते, आणि म्हणून परसात टाकाऊ असे जवळजवळ काहीच उरत नाही.

प्रथम कोंबडीच पाहा. धान्य पाखडताना सांडलेले दाणे, भाजीची देठे, उकिरड्यातील किडे आणि वाळवी हे तिचे खाणे. ज्याला आपण कचरा म्हणतो, त्याचे ती अंडे करून देते. कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात. ती पोटाच्या उबेने ती उबवते, चोचीने अधूनमधून परतते आणि चारा-पाण्यापुरतीच उठते. अशा रीतीने २१ दिवस गेले म्हणजे पिले कवच फोडून बाहेर येतात. भरपूर अंडी देणाऱ्या सुधारित जातींच्या कोंबड्यांमध्ये खुडूक बसण्याची ही वृत्ती फारशी उरलेली नाही. म्हणून परसात देशी कोंबडी अजून टिकून आहे. मात्र तिला रात्री उघड्यावर ठेवून चालत नाही. मुंगूस व रानमांजर टपलेले असते. शिवाय मानमोडीसारखा रोग आला, तर चार दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यासाठी वेळेवर लस टोचून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते यथार्थ आहे. बोर, बाभूळ, शेवरी अशा झाडांच्या पाल्यावर ती भागवते. सुमारे पाच महिन्यांत ती विते आणि पुष्कळदा दोन करडे देते. धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी यासाठी प्रसिद्ध आहे. ही शेळी बहुधा काळ्या रंगाची असते व कमी पावसाच्या मुलखात चांगली तग धरते. घरात आजारपण आले किंवा मुलाच्या शाळेचा खर्च निघाला, की एखादा बोकड विकून गरज भागवता येते. सावकाराच्या दारी जावे लागत नाही. परंतु शेळी जितकी उपकारक, तितकीच खोडकर. दावे सुटले, तर घेवड्याचा मांडव एका दुपारीत फस्त होतो. म्हणून ज्याला शेळी पाळावयाची आहे, त्याने आधी कुंपण घालावे.

गाय निवडताना आपल्या मुलखाकडे पाहावे लागते. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या डोंगराळ भागात डांगी जातीची गुरे आढळतात. त्यांच्या कातडीतून एक तेलकट द्रव पाझरतो. त्यामुळे मुसळधार पावसातही त्यांचे अंग फारसे भिजत नाही. डांगी गाय दूध थोडे देते. परंतु जेथे दुसरी गाय आजारी पडेल, तेथे ती खणखणीत उभी असते. दुधाशिवाय गाईचे दुसरे देणे म्हणजे शेण. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या, तर चूल पेटते, पण खत जळून जाते. गोबरवायूच्या संयंत्रात तसे होत नाही. हवाबंद टाकीत शेण कुजले म्हणजे त्यातून जळणारा वायू निघतो. त्यावर स्वयंपाक होतो, आणि उरलेला शेणकाला खत म्हणून बागेला घालता येतो. एकाच शेणाचे असे दोन उपयोग होतात.

आता या साऱ्या साखळीची मुख्य कडी कोणती? ती म्हणजे खत. कोंबडीची विष्ठा, शेळीच्या लेंड्या, गाईचे शेण आणि झाडांचा पालापाचोळा हे सारे नुसते ढीग करून टाकले, तर तो उकिरडा होतो. ऊन-पावसाने त्याचा कस निघून जातो आणि माशा मात्र वाढतात. कोंबडीची ताजी विष्ठा तर इतकी तीव्र असते, की ती थेट घातल्यास कोवळी रोपे करपतात. म्हणून हे सारे नीट कुजवावे लागते. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव हे काम करतात. ते काम करू लागले म्हणजे ढीग आतून तापतो व त्या उष्णतेने तणांचे बी पुष्कळसे मरते.

या कामी महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याने मोठा उपकार केला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावावरूनच ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके जमिनीवर बांधतात. हवा खेळती राहावी म्हणून भिंतींत जागोजाग भोके ठेवतात. त्यात काडीकचरा, शेणाचे पाणी आणि माती यांचे थरावर थर देतात व वरून लिंपून घेतात. साधारण १०० किलो शेण १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याला पुरते, आणि तीन-चार महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार होते. ज्याच्या दारी एकच गाय आहे, त्यालाही आपली बाग त्यावर पोसता येते.

खताइतकेच मोल बियाण्याचे आहे. पूर्वी घरची वडील बाई वेलावरचे पहिले जोमदार फळ खुडू देत नसे. ते बियांसाठी राखून ठेवी, वाळवी आणि राखेत मिसळून मडक्यात जपून ठेवी. आज आपण बाजारातून संकरित बियाणे आणतो. ते पीक भरपूर देते. परंतु त्या पिकाचे बी पुन्हा पेरले, तर तेच गुण उतरत नाहीत. दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते, आणि घरचे जुने वाण एकदा गेले, की ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. ही हानी ओळखणारी एक स्त्री अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. तथापि त्यांनी घेवडा, वाल, भात व पालेभाज्या यांचे गावरान वाण जमवून जतन केले, इतर बायकांना बी देऊन त्यांच्या परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला. परसातील ज्ञानही देशाच्या उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

परसाचे गुण गाताना त्याचे नियमही सांगितले पाहिजेत. खताचा खड्डा विहिरीपासून दूर असावा. भांडी राखेने घासली जात, तेव्हा मोरीचे पाणी निर्धोक होते. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला घालू नये, ते केळी-कर्दळीकडे वळवावे. जनावरांचे काम करून आल्यावर हात स्वच्छ धुवावेत. चारा-पाणी जितक्यांना पुरेल, तितकीच जनावरे पाळावीत. हौसेने जास्त पाळली, तर ती उपाशी राहतात आणि घरही कर्जात बुडते. सर्वांत मोठा नियम असा, की मुक्या जिवाला सुट्टीचा दिवस ठाऊक नसतो. दिवाळी असो वा परीक्षा असो, गाईला वैरण आणि कोंबडीला पाणी वेळेवर मिळालेच पाहिजे. जे मूल हे काम न सांगता करते, त्याच्या अंगी जबाबदारी आपोआप येते.

आज पुष्कळ घरांमागची माती फरशीखाली गेली आहे, आणि शहरांतील घरांना तर परसच नाही. परस नाही म्हणून त्याची शिकवण मात्र सोडण्याचे कारण नाही. शाळेच्या आवारातील एक वाफा, सज्जातील दोन कुंड्या, भाजीच्या देठांचे एका डब्यात केलेले खत, एवढ्यानेही आरंभ होतो. तुमच्या घरी आजी असेल, तर तिला विचारा, की तिच्या परसात कोणता घेवडा होता आणि त्याचे बी कोणाकडे मिळेल. ते मूठभर बी मिळाले, तर पेरा आणि पहिले जोमदार फळ पुढच्या वर्षासाठी वेलावरच राखा.